परक्या स्वयंपाकघरातला पदार्थ घरी करताना: गॅस पेटवण्याआधी आणि पेटवल्यावर

"कृतीत लिहिलं होतं तसंच्या तसं केलं, तरी बिघडलं." ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मी आधी कृतीच मागून घेते. ती वाचली की बहुतेक वेळा चूक दिसत नाही. दिसतात त्या गाळलेल्या जागा. कृती लिहिणारा माणूस आपल्याच मुलखातल्या वाचकाशी बोलत असतो. इटलीतली कृती "पास्त्याच्या पाण्यात मीठ घाला" एवढंच सांगते, कारण किती घालायचं ते तिथे सगळ्यांना माहीत असतं. चिनी कृती "सोया सॉस" म्हणते आणि कुठला ते सांगत नाही. जपानी कृती "तांदूळ एक कप" म्हणते, आणि तो कप आपला कप नसतो.

या गाळलेल्या जागा भरल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. खालच्या नऊ पायऱ्यांपैकी सहा त्यासाठीच्या आहेत.

1. पदार्थ निवडा, पण कृती एकच वाचू नका

एका वेळी एकच नवी गोष्ट शिकायची. नवं साहित्य असेल तर पद्धत ओळखीची हवी, आणि पद्धत नवी असेल तर साहित्य. पहिल्याच रविवारी रामेनचं सूप, नूडल्स आणि वरचं अंडं असं सगळं घरी करायला निघालेली माणसं रात्री दहाला ब्रेड खाऊन झोपतात.

पदार्थ ठरला की त्याच्या निदान तीन कृती शोधा, शक्यतो त्याच संस्कृतीत वाढलेल्या लोकांच्या. तिन्हींत जे समान आहे तो पदार्थाचा कणा, तो हलवायचा नाही. जिथे फरक आहे ते घरोघरचं स्वातंत्र्य. हमसच्या तीन कृती शेजारी ठेवा. काबुली चणे, ताहिनी (तिळाची पेस्ट), लिंबू, लसूण, मीठ सगळीकडे सापडेल. जिरं कुणी घालतं, कुणी नाही. एखाद्या चौथ्या कृतीत ताहिनीच नसेल तर तो चण्याचा वेगळा काहीतरी प्रकार आहे. चांगलाही असेल, पण हमस नाही.

2. मापं आपल्या हाताने पुन्हा लिहून काढा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त पदार्थ इथेच मरतात. एक कागद घ्या आणि कृतीतलं प्रत्येक माप ग्रॅम आणि मिलीलिटरमध्ये लिहा.

कप: अमेरिकन कप साधारण 240 मिली. ऑस्ट्रेलियन कप 250. जपानी कृतीतला कप 200, आणि जपानी तांदळाचा, म्हणजे राइस कुकरसोबत येणारा कप 180 मिली. चहाचा कप यांपैकी कशातच बसत नाही, तो बाजूला ठेवा. तांदूळ आणि पाणी दोन्ही एकाच कपाने मोजलं तर फारसं बिघडत नाही. तांदूळ एका कपाने आणि पाणी दुसऱ्याने मोजलं की भाताचा गोळा होतो.

चमचे: छोटा चमचा 5 मिली, मोठा 15 मिली. ऑस्ट्रेलियन कृतीत मात्र मोठा चमचा 20 मिलीचा असतो. तेलाला फरक पडत नाही, खाण्याच्या सोड्याला पडतो.

मैदा: कपात हलक्या हाताने भरला तर साधारण 120 ग्रॅम, कप पिठात खुपसून भरला तर 150 पर्यंत जातो. केक दगडासारखा झाला की लोक ओव्हनला दोष देतात. वजनकाटा घ्या, हा वाद कायमचा मिटेल.

लोणी: अमेरिकन कृतीत "एक स्टिक" म्हणजे 113 ग्रॅम.

मीठ: अमेरिकन कृतीतलं "कोशर मीठ" खडबडीत आणि पोकळ असतं. काही प्रकारांचा छोटा चमचा जेमतेम 3 ग्रॅम भरतो, आणि बारीक मिठाचा 6 ग्रॅम. चमच्याला चमचा घातलात तर पदार्थ दुप्पट खारट. कोशर लिहिलेलं दिसलं की आधी निम्मं घाला, उरलेलं चाखून.

तापमान: 350 फॅरनहाइट म्हणजे 177 सेल्सिअस, 400 म्हणजे 204. ब्रिटिश कृतीतला "गॅस मार्क 4" म्हणजे 180 सेल्सिअस. ओव्हनला आतून पंखा असेल आणि कृती साध्या ओव्हनची असेल तर 20 अंश कमी ठेवा.

वेळ: छापील वेळेवर विसंबू नका, खुणेवर विसंबा. सगळ्यात मोठी थाप कांद्याची. "कांदा पाच मिनिटांत कॅरमलाइझ करा" असं कुणी लिहिलं असेल तर त्याने तो केलेला नाही. फ्रेंच कांद्याच्या सुपासाठी लागतो तसा गडद, गोड, जॅमसारखा कांदा मंद आचेवर पाऊण तास तरी मागतो.

तपासा: कागदावर "थोडं", "अंदाजे", "चवीपुरतं" असं किती ठिकाणी उरलं? तीनपेक्षा जास्त असेल तर दुसरी कृती शोधा. या पदार्थाची चव तुम्हाला अजून माहीतच नाही, तर चवीपुरतं म्हणजे कुणाच्या चवीपुरतं?

3. नावं फसवतात: प्रत्येक जिन्नस खरा कोणता, ते ठरवा

मी पहिल्यांदा किमची (कोबीचं कोरियन लोणचं) केली तेव्हा कृतीत मिरचीपूड अर्धा कप होती. मी घरातलं लाल तिखट अर्धा कप घातलं. बरणी उघडली की डोळ्यांतून पाणी यायचं. खायची गोष्ट दूरच. कोरियन गोचुगारू ही बिया काढून केलेली, जाडसर, तुलनेने सौम्य मिरची. ती रंग, किंचित गोडवा आणि पोत देते. तिखटपणा हे तिचं दुय्यम काम. म्हणून ती अर्धा कप चालते. दोन्हींचं नाव "मिरचीपूड" असलं तरी जिन्नस दोन.

अशा जोड्या बऱ्याच आहेत. नेहमी घोळ होतो त्या एवढ्या:

अमेरिकन कृतीतली "चिली पावडर" नुसती मिरची नसते. तिच्यात जिरं, लसूणपूड, ओरेगॅनो मिसळलेलं असतं. नुसतं तिखट त्याच मापाने घातलं तर पदार्थ जळजळीत होतो, आणि जिऱ्याचा वास येत नाही तो नाहीच.

"कॉर्नफ्लोअर" ब्रिटिश कृतीत मक्याचं पांढरं स्टार्च. अमेरिकन कृतीत त्याच स्टार्चला "कॉर्नस्टार्च" म्हणतात आणि "कॉर्न फ्लोअर" म्हणजे दळलेला मका. मेक्सिकन टॉर्टियाला यातलं काहीच चालत नाही. त्याला मासा हारिना लागतं, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. चुन्यामुळे मक्याचं पीठ एकमेकाला धरतं. साध्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया दाबताना कडेने भेगाळते, उलटताना तुटते, आणि लोक समजतात आपल्याला जमत नाही.

सोया सॉसचा चिनी "लाइट" म्हणजे कमी मिठाचा नव्हे. तो पातळ आणि जास्त खारट असतो, चवीसाठी. "डार्क" दाट, किंचित गोडसर, मुख्यतः रंगासाठी. नुसतं "सोया सॉस" लिहिलं असेल तर चिनी कृतीत बहुधा लाइट समजायचा. सगळा डार्क ओतला तर नूडल्स काळ्याकुट्ट होतात आणि चव तरीही अर्धवट.

तिळाचं तेल: चिनी, जपानी, कोरियन कृतींतलं तेल भाजलेल्या तिळाचं, तपकिरी, वासाचं. ते शेवटी थेंबथेंब घालतात. त्यात भाज्या परतायला घेतल्या तर वास जळून कडवट होतो. उलट, कच्च्या तिळाचं फिकट तेल शेवटी घातलं तर काहीच कळत नाही.

नारळाचं दूध, नारळाची साय म्हणजे "कोकोनट क्रीम", आणि "क्रीम ऑफ कोकोनट" या तीन वेगळ्या गोष्टी. शेवटची साखर घातलेली, पेयांसाठीची. ती थाई करीत गेली की करीची खीर होते.

तांदूळ: आर्बोरियो हा रिसोटोचा इटालियन तांदूळ धुवायचा नाही, रिसोटोचा दाटपणा त्याच्या अंगावरच्या स्टार्चमधूनच येतो. सुशीचा तांदूळ मात्र पाणी बऱ्यापैकी नितळ येईपर्यंत धुवायचा. थाई चिकट तांदूळ निदान चार तास भिजवून वाफवायचा, पाण्यात शिजवायचा नाही. इंग्रजी नावात "ग्लुटिनस" असलं तरी त्यात ग्लुटेन नसतं.

राइस व्हिनेगरच्या बाटलीवर "सीझन्ड" लिहिलं असेल तर त्यात साखर-मीठ आधीच आहे. कृतीतली साखर-मीठ त्या हिशोबाने कमी करा.

सावध: बाटलीचं पुढचं नाव जाहिरात असतं. मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे पहिल्या तीन घटकांत जे आहे तेच तुम्ही घालणार आहात.

4. पर्याय घ्यायचा तर आधी जिन्नसाचं काम ओळखा

"हे नाही मिळालं तर काय घालू?" याआधीचा प्रश्न असा: हे त्यात काय करत होतं? खारट करत होतं, आंबट, दाट, की फक्त वास देत होतं? पर्याय कामाला शोधायचा, नावाला किंवा दिसण्याला नाही.

फिश सॉस दोन कामं करतो: मीठ पुरवतो आणि आंबवलेल्या मासळीची खोल चव देतो. लाइट सोया सॉस पहिलं काम पूर्ण आणि दुसरं अर्धं करतो, म्हणून थाई करीत तो निभावतो. आल्याच्या जागी गलांगल किंवा गलांगलच्या जागी आलं मात्र निभावत नाही. दिसायला भाऊ, पण गलांगलचा वास पाइनच्या लाकडासारखा, लिंबाकडे झुकणारा. नुसतं आलं घालून केलेल्या "तोम खा" या थाई सुपात "खा", म्हणजे गलांगलच, उरत नाही. अशा वेळी पदार्थ बदलणं प्रामाणिक. लेमनग्रासच्या जागी लिंबाची किसलेली साल सुगंधापुरती चालते, पण ती शेवटी घालायची, लेमनग्राससारखी सुरुवातीपासून उकळायची नाही.

माझा नियम: ज्या जिन्नसाचं नाव पदार्थाच्या नावात आहे त्याला पर्याय नाही. आणि एका पदार्थात एकच पर्याय. दोन बदलले आणि पदार्थ फसला तर कोणामुळे, हे कधीच कळत नाही.

5. कोण जेवणार आहे, आणि काय विषारी आहे

शाकाहारी पाहुणे असतील तर बाटल्या पुन्हा वाचा. फिश सॉस नावातच सांगतो. ऑइस्टर सॉस, वूस्टरशायर सॉस (यात अँचोव्ही मासे असतात), तयार थाई करी पेस्ट (बहुतेकींत कोळंबीची पेस्ट), किमची आणि जपानी दाशी (सुक्या माशाचा रस्सा) यांतून मासळी गुपचूप येते. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातल्या द्रव्याने विरजतात. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, हे ग्लुटेन न चालणाऱ्यांना सांगा. ताहिनी म्हणजे तीळ, आणि तिळाची अॅलर्जी गंभीर असू शकते.

आता धोक्याचं. काही पदार्थ तिथले लोक बिनघोर खातात, कारण ते कसं शिजवायचं ते त्यांना लहानपणापासून माहीत असतं. कृतीत ते लिहिलेलं नसतं.

राजमा: चिली कोन कार्नेसाठी सुका राजमा सरळ स्लो कुकरमध्ये टाकणं ही खरोखर धोकादायक चूक आहे. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. साधारण 80 अंशांवर मंद शिजवलं तर ते नष्ट तर होत नाहीच, उलट विषारीपणा वाढू शकतो. निदान पाच तास भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून उकळा. किमान 10 मिनिटं, अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचा सल्ला 30 मिनिटांचा. मग खुशाल स्लो कुकर. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो.

कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) कच्चा कधीच खायचा नाही. सोलून पूर्ण शिजवायचा. कडू कसावाला तर किसणं, आंबवणं, पिळणं अशी वेगळी प्रक्रिया लागते, तो घरी करून बघण्याचा विषय नाही. ताजे बांबूचे कोंब उघड्या पातेल्यात उकळून पाणी फेकायचं. जमैकाचं अॅकी हे फळ झाडावर आपोआप उमलल्यावरच खातात. कच्चं अॅकी विषारी असतं, म्हणून डब्यातलं घ्या.

6. घड्याळ उलटं मोजा, मग मांडणी करा

वाढायची वेळ ठरवा आणि तिथून मागे मोजत या. हमस उद्या दुपारी हवं तर चणे आज रात्री भिजले पाहिजेत, आणि शिजताना अर्धा छोटा चमचा सोडा घातला तर सालं सुटून हमस मऊ होतं. सुके शिताके मशरूम गार पाण्यात काही तास, घाईत कोमट पाण्यात अर्धा तास. भिजवलेलं पाणी फेकू नका, निम्मी चव त्यात आहे.

तांदळाच्या नूडल्सबद्दल जरा थांबून सांगते, कारण पाद थाईचा चिखल होतो तो इथे. पाकिटावर कधी "उकळा" असं लिहिलेलं असतं. ते सुपासाठी. परतायच्या असतील तर नूडल्स साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा. वाकतात, पण दाताखाली अजून कडक लागतात, एवढ्यावर निथळायच्या. उरलेलं शिजणं कढईत सॉससोबत होतं. आधीच पूर्ण शिजवलेली नूडल सॉस पिऊच शकत नाही, ती फक्त तुटते.

मांडणी सगळ्याच पदार्थांना सारखी लागत नाही. स्ट्यू, मोले, गुलाश असल्या तासन्‌तास शिजणाऱ्या पदार्थांत तुम्ही एकीकडे कांदा परतत दुसरीकडे भाजी चिरू शकता. वोकच्या, म्हणजे चिनी कढईच्या पदार्थाला ती मुभा नाही. तिथे अख्खं शिजणं चार मिनिटांचं. सगळं चिरून, निथळून, पुसून, वाट्यांत, घालायच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे. सॉस आधीच एका वाटीत कालवून ठेवलेला. स्टार्च खाली बसतं, म्हणून ओतायच्या आधी ढवळायचं.

तपासा: गॅस पेटवायच्या आधी कृती डोळे मिटून क्रमाने सांगता येते का? अडखळलात त्या जागी कढईतही अडखळाल.

7. आचेवर: तीन पदार्थ, तीन वेगळे शिष्टाचार

सगळे पदार्थ मध्यम आचेवर करणं ही सवय मोडायला हवी. खालची तीन उदाहरणं शिकलात तर बाकीच्या बऱ्याच कृती आपोआप कळतात.

फ्राइड राइस: जोराची आच, थोडा भात

भात गार, मोकळा हवा. कृतीत "आदल्या दिवशीचा भात" असतं म्हणून लोक तो रात्रभर ओट्यावर ठेवतात. हे करू नका. भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजूनही जिवंत राहतात, आणि त्यांनी केलेलं विष परतल्याने जात नाही. भात झाल्या झाल्या ताटात पातळ पसरा, वाफ जाऊ द्या, तासाभरात फ्रिजमध्ये. तिथे तो कोरडाही होतो, आपल्याला तेच हवं असतं.

कढई रिकामी तापवा. हलकासा धूर दिसला की तेल. अंडं आधी, अर्धवट घट्ट झालं की बाजूला. मग लसूण क्षणभर, मग भात. एका वेळी दोन माणसांपुरताच. घरच्या गॅसला चार जणांचा भात तापवायची ताकद नसते. ढीग टाकला की कढईचं तापमान कोसळतं, भात वाफ सोडतो आणि परतण्याऐवजी उकडतो. कान द्या: चरचर चालू असेल तर बरोबर, आवाज बसला तर जास्त झालं. सॉस भाताच्या मध्यात नाही, कढईच्या कडेने ओता, तो खाली उतरता उतरता भाजला जातो.

थाई ग्रीन करी: साय फुटायला हवी

इथे लोक उलट घाबरतात. नारळाचं दूध फाटलं म्हणून गॅस बंद करतात. दूध फुटणं हीच तर पहिली पायरी आहे. डबा न हलवता उघडा, वरची घट्ट साय पातेल्यात घ्या, मध्यम आचेवर आटवा. पाणी उडालं की तेल सुटतं आणि आवाज बदलतो, बुडबुड्यांऐवजी तडतड. आता पेस्ट घालून त्या तेलात परता, कच्चा वास जाऊन खमंग सुटेपर्यंत. मगच उरलेलं पातळ दूध, भाज्या, मांस. थाई तुळशीची पानं गॅस बंद केल्यावर.

साय पंधरा मिनिटांतही फुटली नाही तर चूक तुमची नाही. बऱ्याच डब्यांत दूध फुटू नये म्हणून घटक घातलेले असतात. चमचाभर तेल घाला आणि पुढे जा.

कार्बोनारा: आच बंद करून

या पदार्थाचा निर्णायक क्षण गॅस बंद झाल्यावर येतो. अंड्याचा पिवळा बलक साधारण 65 अंशांना दाट व्हायला लागतो, आणि थोडं पुढे गेलं की त्याची भुर्जी. माझी पहिली तीन कार्बोनारा भुर्जीच होती, पास्त्यासोबत.

पाणी: 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ हे इटालियन प्रमाण. कार्बोनाराला मीठ थोडं कमी, कारण पेकोरिनो चीज आणि ग्वांचाले (डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस) दोन्ही खारट. पाण्यात तेल घालू नका, त्याने काहीही साधत नाही. मांस मंद आचेवर त्याच्याच चरबीत कुरकुरीत करा. बलक, किसलेलं पेकोरिनो, भरपूर मिरी एका भांड्यात कालवा. पास्ता छापील वेळेच्या मिनिटभर आधी काढा, आणि त्याआधी वाटीभर पाणी बाजूला ठेवा. हे पांढुरकं पाणीच तुमचा सॉस बांधणार आहे.

पास्ता मांसाच्या पॅनमध्ये घ्या, हलवा, गॅस बंद. आता निम्मं मिनिट थांबा. हे थांबणं बऱ्याच कृतींत लिहिलेलं नसतं. मग चमचाभर पास्त्याचं पाणी बलकात घालून ते कोमट करा, पॅनमध्ये ओता आणि हात न थांबवता हलवा. घट्ट वाटलं तर आणखी पाणी. सॉस पास्त्याला चिकटून चकाकला की लगेच वाढा. क्रीम लागत नाही.

सावध: मिसोचंही (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचंही) असंच. जपानी मिसो सुपात गॅस बंद करून विरघळवायचा. उकळला की सुगंध उडतो आणि खारटपणा तेवढा राहतो.

8. चव शेवटी जुळवा, आणि मिठाआधी आंबट बघा

परक्या पदार्थात मीठ एका डब्यातून येत नाही. सोया सॉस, फिश सॉस, मिसो, चीज, ऑलिव्ह, खारवलेलं मांस, सगळ्यांतून येतं. म्हणून सुटं मीठ शेवटी, आणि बऱ्याचदा लागतच नाही.

पदार्थ सपक लागला की हात आपोआप मिठाकडे जातो. आधी चमच्यात थोडा पदार्थ घेऊन त्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून चाखा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं. हमस, तोम याम, साल्सा, फो हे सगळे आंबटाशिवाय झोपलेले लागतात. लिंबू मात्र आच बंद केल्यावर, उकळलं की त्याचा ताजेपणा जातो. खारट झालंच तर बटाटा टाकून काही होत नाही. पदार्थाचं प्रमाण वाढवा किंवा सोबतचा भात अळणी ठेवा.

हमस करताना एक घाबरवणारा क्षण येतो. ताहिनीत लिंबू घातलं की ती अचानक सिमेंटसारखी घट्ट होते. फेकू नका. गार पाणी चमच्याचमच्याने घालत फेटत राहा, ती पुन्हा सैल होते आणि रंग पांढुरका होतो. मग चणे घाला.

9. उरलेल्या बाटल्या

एका पदार्थासाठी आणलेली बाटली वर्षभर कपाटात म्हातारी होते, आणि पुढच्या वेळी तोच पदार्थ "तसा लागत नाही". झाकणावर उघडल्याची तारीख लिहा. मिसो फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. गोचुगारू फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर रंग तपकिरी होतो. भाजलेल्या तिळाचं तेल खवट झालं की रंगाच्या पेटीसारखा वास येतो, तो आला की ओतून टाका. ताहिनीचं तेल वर तरंगतं, दर वेळी तळापर्यंत ढवळून घ्या. नाहीतर पहिल्या हमसात नुसतं तेल आणि शेवटच्यात नुसता लगदा. थाई पेस्ट चमच्याचमच्याने बर्फाच्या साच्यात गोठवा. नारळाचं उघडलेलं दूध चार दिवसांत संपवा किंवा तेही तसंच गोठवा.

आणि दुसऱ्या पायरीतला तो कागद टाकू नका. जेवून उठल्या उठल्या त्यावर तीन गोष्टी लिहा: किती मीठ खरंच लागलं, कोणती वेळ खोटी निघाली, काय उरलं. पुढच्या वेळी त्याच कागदावरून करा.